बंबखान्यातलं खुराडं

गोरक्षनाथ ठाणगे यांना नोकरीत लिहायचा अधिकार होता, खोडायचा नव्हता.

भिंगारच्या लष्करी डेपोत ते कारकून होते. आलेला माल, गेलेला माल, कोपऱ्यात पडून राहिलेला माल, सगळ्याच्या नोंदी त्यांच्या हातच्या. अक्षर असं की साहेब लोक सही करताना जरा सांभाळून करत. पण एखादा फुटका कंदील जरी नोंदीतून कमी करायचा म्हटला, तर त्यासाठी तीन साहेबांनी येऊन कंदिलाभोवती उभं राहायचं, एकानं तो हलवून बघायचा, दुसऱ्यानं मान हलवायची आणि तिसऱ्यानं 'कंडम' म्हणायचं. मग कंदील मेला. तोवर तो जिवंत, मग काच नसो, वात नसो, की खुद्द कंदीलच नसो. इतकी वर्षं हे बघून गोरक्षनाथांचा स्वभावच तसा झाला होता. घरातलं शिळं वर्तमानपत्रही ते बायकोला विचारल्याशिवाय रद्दीत टाकत नसत, आणि विचारून झालं की पुन्हा एकदा विचारत.

अशा माणसाची आई बहात्तरच्या दुष्काळात पारनेरकडच्या गावाहून राहायला आली.

रंगुबाई आपण होऊन आली नव्हती. गावच्या विहिरी खरवडून झाल्या, थोरला मुलगा आणि सून खडी फोडायच्या कामावर गेली, टँकर येईल तेव्हा येईल. मग गोरक्षनाथ स्वतः जाऊन तिला घेऊन आले. तिनं बरोबर एक गाठोडं, खापराचा तवा, लाकडी काठवट आणि धडप्यात बांधलेली बाजरी घेतली. माळीवाड्याच्या स्टँडवर उतरताना कंडक्टर म्हणाला, "आजी, तवा फुटल, द्या इकडं." तर म्हणाली, "तू तुजी घंटी संभाळ."

घरी पहिल्याच दुपारी अडचण झाली. पुष्पावतीनं, म्हणजे गोरक्षनाथांच्या बायकोनं, पंपाच्या स्टोव्हवर भाकरी केली. चांगली टम्म फुगलेली. रंगुबाईनं तुकडा मोडला, नाकाशी नेला आणि ताटात ठेवला.

"घासलेट लागतंय."

"आत्याबाई, घासलेट खाली असतं, भाकरी वर असते," पुष्पावती म्हणाली.

"व्हय. पर वास काय जिना मोजून चढत न्हाई."

भाकरी तशीच राहिली. रंगुबाईनं गूळ-शेंगदाणे खाल्ले, वर तांब्याभर पाणी प्याली आणि छान झालं म्हणाली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी पुष्पावतीनं शेजारून वातींचा स्टोव्ह आणला, तोही घासलेटचाच. हळूहळू रंगुबाईचा चेहरा उतरू लागला. चोळी ढिली झाली. रोज सकाळी ती गाठोडं बांधायची आणि म्हणायची, "गोरख, मला पारनेरच्या गाडीला बशीव. हितं मी तुमाला घोर हाय." गोरक्षनाथ गाठोडं सोडायचे आणि कचेरीत जायचे. संध्याकाळी येईपर्यंत ते परत बांधलेलं.

गावात तर पाणी नव्हतं. म्हणजे आईला पाठवली तर तहानेनं जाणार आणि ठेवली तर भुकेनं. पुष्पावतीच्या मनाला लागलं होतं ते वेगळंच. माहेरी तिच्या भाकरीचं नाव होतं. ती रात्रंदिवस स्टोव्हची पिन मारत बसायची, जसा काही दोष पिनेचाच.

"तिला चूल पाहिजे," शेवटी ती म्हणाली. "तिची स्वतःची. मातीची."

आता क्वार्टरमध्ये चूल पेटवायला सक्त मनाई. भिंती काळ्या होतात. पण आठ बिऱ्हाडांच्या त्या चाळवजा इमारतीला जिन्याखाली एक खोली होती. गोऱ्या लोकांच्या काळात तिथं अंघोळीच्या पाण्याचा मोठा बंब होता, म्हणून तिला बंबखाना म्हणत. बंब कधीच गेला होता, पण वर जाणारं धुराडं शाबूत होतं. चूल मांडायला भिंगारात याहून चांगली जागा नव्हती. फक्त ती खोली सामानानं छतापर्यंत भरलेली होती, आणि तिच्या भिंतीवर निळ्या रंगात लिहिलेलं होतं:

'या खोलीत कोणीही सामान ठेवावे. ज्याने ठेवले त्यानेच बाहेर काढावे. हुकमावरून.'

हुकूम होता आबासाहेब कळमकरांचा. आबासाहेब तळमजल्यावर राहत, डेपोतच हेडक्लार्क होते, आणि चाळीचे सेक्रेटरीही. निवडून कोणी दिलं नव्हतं, पण ते होते. पूर्वी बंबखान्याचा कारभार सैल होता. मग एका वर्षी कुणाचं तरी पुरणयंत्र होळीच्या आदल्या दिवशी गायब झालं, ते कुणाचं आणि कुणी नेलं यावरून दोन घरांमध्ये आजतागायत हळदीकुंकू बंद आहे. तेव्हा आबासाहेबांनी रंगाचा डबा आणला. ठेवायला सगळे मोकळे, काढायला ज्याचा तोच. कडी नाही, कुलूप नाही, पण त्या दिवसापासून खोलीतून एक खिळाही हलला नव्हता. आबासाहेबांना या गोष्टीचा फार अभिमान होता. खोली भरली आहे याचा त्यांना त्रास नव्हता. गोदाम भरलेलंच असावं, असं त्यांचं मत.

गोरक्षनाथ घरोघरी गेले. आईची हकीकत सांगितली. लोक चांगले होते. कुणी मोडका पाळणा नेला, कुणी उंदरांनी खाल्लेली गादी. एक बिऱ्हाड आपली सायकल काढायला म्हणून आलं आणि मोकळी जागा बघून जुनं टेबल ठेवून गेलं. ठेवायला सगळे मोकळे, त्यामुळे बोलता येईना. शेवटी गोड बोलून टेबलही गेलं. उरलं एकच, आणि ते नेमकं धुराड्याच्या खाली. श्रीमंत औटीचं खुराडं.

श्रीमंत औटी हा वरच्या मजल्यावरचा तरुण कारकून. त्याला कोंबड्यांचं वेड लागलं होतं. इंग्रजी कोंबडी, रोज अंडं, एवढंच बोलायचा. त्यानं बाजारातून देवदारी खोक्यांच्या फळ्या आणून बंबखान्यातच बसून दुमजली खुराडं ठोकलं. वर खाली कप्पे, पुढं जाळी, मधोमध सरकतं दार, आणि माथ्यावर पाटी: 'श्रीमंत अंडी केंद्र'. कोंबडी यायच्या आधी बदली आली. तो गेला जबलपूरला, खुराडं राहिलं. त्यात कधी पीसही पडलं नव्हतं.

"आबासाहेब, एवढं खुराडं बाहेर ठेवू का? मागच्या अंगणात?"

"तुम्ही ठेवलंत का ते?"

"नाही."

"मग?" आबासाहेबांनी भिंतीकडे बोट केलं. "ठाणगे, तुम्ही डेपोतले. तुम्हाला मी सांगायचं?"

गोरक्षनाथांना हे पटलं, हीच त्यांची अडचण होती. दुसरा कुणी असता तर भांडला असता. त्यांनी श्रीमंतला कार्ड टाकलं. त्याचं उत्तर आलं, 'खुराडे आहे तेथेच असू द्यावे. लवकरच येत आहे.' 'लवकरच'च्या खाली रेघ मारलेली होती.

समोरच्या बिऱ्हाडातल्या लंकाबाईंना हे सगळं त्याच दिवशी कळलं. त्यांना चाळीतलं सगळंच त्याच दिवशी कळायचं, काही गोष्टी आदल्या दिवशीच. त्या सल्ला द्यायला आल्या.

"भाऊजी, वाळवी सोडा."

"काय सोडा?"

"वाळवी. आमच्या माहेरी आख्खं देवघर खाल्लं होतं. तुम्ही काढलं नाही, वाळवीनं काढलं. तिला कोण विचारतंय हुकूम?"

"वाळवी कुठून आणू, वहिनी?"

"तेही मीच सांगू का?"

क्वार्टरची दुरुस्ती-देखभाल बघणारी एक कचेरी होती. गोरक्षनाथ एका शनिवारी इस्त्रीचा सदरा घालून तिथं गेले. समोर बसलेल्या कारकुनानं नकाशा पसरला, चष्मा पुसला.

"जिन्याखाली बंबखाना आहे."

"हो."

"बंबखान्यात बंब असतो."

"असतो, पण आमच्याकडे खुराडं आहे. ते हलवायची परवानगी..."

"खुराडं आमच्या नकाशात नाही. जे नाही ते हलवायची परवानगी कशी देणार? पण बंब आहे. तांब्याचा. मोठा." त्यानं मान वर केली. "बंब कुठं गेला?"

गोरक्षनाथांच्या कपाळाला घाम आला. ते आले होते खुराडं घालवायला, आणि आता त्यांच्याकडे बंबाचा हिशेब मागितला जात होता. ते म्हणाले, तो माझ्या आधीच्या काळातला. कारकून म्हणाला, नाव काय आपलं? गोरक्षनाथांनी आठवल्यासारखं करून घड्याळाकडे बघितलं आणि पाणी यायची वेळ झाली असं सांगून निघाले. त्या दुष्काळात हे कारण कुठंही चालायचं.

घरी आले तर आई भिंतीला टेकून बसली होती. गाठोडं मांडीवर. पुष्पावती म्हणाली, "आज शेंगदाणेही नको म्हणाल्या."

गोरक्षनाथांनी इस्त्रीचा सदरा खुंटीला लावला आणि बनियनवर जिना उतरले. आयुष्यात पहिल्यांदा ते विनापरवानगी काही करायला निघाले होते. शनिवारची दुपार, चाळ जेवून आडवी झालेली. बंबखान्यात शिरून त्यांनी खुराड्याला मागून खांदा लावला. खुराडं कुरकुरलं आणि सरकलं. धुराड्याखालून निघालं, दाराकडे चाललं. गोरक्षनाथांना वाटलं, किती सोपं होतं! मग खुराडं दारात गेलं आणि थांबलं.

ते दारापेक्षा मोठं होतं. श्रीमंतनं ते खोलीतच ठोकलं होतं, दार मोजावं हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. इंग्रजी कोंबडीपुढं दार काय! गोरक्षनाथांनी जोर लावला, तसं ते चौकटीत पक्कं बसलं, खाटकन. एक फळी निखळून पायावर पडली. आता खुराडं पुढंही जाईना आणि मागंही येईना, आणि गोरक्षनाथ त्याच्या मागं. खोलीला दुसरं दार नव्हतं.

त्यांनी बराच वेळ शांतपणे विचार केला. हाक मारावी तर चाळ जागी होणार. न मारावी तर चाळ कधीतरी आपोआप जागी होणारच. निखळलेल्या फळीच्या जागी मागून भगदाड पडलं होतं. त्यातून आत शिरलं, खालच्या मजल्यातून सरपटत गेलं आणि पुढचं सरकतं दार उचललं, तर माणूस बाहेर निघू शकत होता. अंगानं ते किरकोळ होते. डोकं आत गेलं, खांदे गेले, अर्धे ठाणगे खुराड्यात आले, आणि तेव्हाच जाळीपलीकडे दोन पाय येऊन उभे राहिले. मग आणखी दोन. मग पुष्कळ.

"ठाणगे?" आबासाहेब वाकून म्हणाले.

"हो."

"आत काय करताय?"

"बाहेर येतोय."

लंकाबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "भाऊजी, दिलंत का अंडं? का खुडूकच बसलाय?"

चाळ हसली. पुष्पावती हसली नाही. तिनं पुढं होऊन सरकतं दार उचलून धरलं, आणि नवरा दोन्ही हात टेकून बाहेर आला तेव्हा त्याच्या पाठीवरचा भुसा झटकला. गोरक्षनाथांना वाटलं, हसली असती तर बरं झालं असतं.

आबासाहेबांनी मात्र कर्तव्य सोडलं नाही. "अर्धं बाहेर आलंय. आत घ्या. आत्ताच्या आत्ता." चौघांनी मिळून खुराडं चौकटीतून मागं ढकललं, ते बाजूच्या भिंतीला जाऊन टेकलं. आबासाहेबांनी उंबऱ्यावरून एकदा नजर फिरवली, सगळं खोलीत आहे अशी खात्री केली आणि गेले.

रंगुबाई एव्हाना जिना उतरून आली होती. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं ते तिच्या आलं. धुराड्याखालची जागा मोकळी झाली होती.

"गोरख, हे काय ल्हिवलंय?"

गोरक्षनाथांनी वाचून दाखवलं. मान खाली घालूनच.

"कुनीबी ठिवावं म्हंतंय?"

"हो."

"मंग मी चूल ठिवते."

आबासाहेबांना विचारलं. त्यांनी पुष्कळ वेळ भिंतीकडे बघितलं. चूल हे सामान आहे का? डेपोत तरी होतं. कोणीही म्हणजे आठ बिऱ्हाडांतलं कोणीही, आणि आई बिऱ्हाडातलीच. नाही म्हणायला जागा नव्हती.

रंगुबाईनं माती कालवली. दुष्काळाच्या त्या उन्हात चूल दोन दिवसांत खडखडीत वाळली. तिनं चुलीला हळदीचं बोट लावलं आणि इकडं तिकडं बघितलं. जळण नव्हतं. वखारीत लाकडाला तेव्हा हात लावायची सोय नव्हती, गोवऱ्या थापायला जनावरं कुठं उरली होती? पायाशी ती निखळलेली फळी पडली होती.

"आई, ती नको," गोरक्षनाथ म्हणाले. "ती औटीची आहे."

"भाईर नेती का मी? हितंच तर हाय."

"पण जाळल्यावर..."

"ल्हिवलंय का तिथं, जाळू नका?"

गोरक्षनाथांनी पुन्हा भिंत वाचली. नव्हतं लिहिलं. ते कचेरीत निघून गेले. जाताना वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर बघितल्याची नोंद झाली असती.

संध्याकाळी आले तर जिन्यातच वास आला. बाजरीच्या भाकरीचा, खापरावरच्या. बंबखान्यात आई पाटावर बसली होती आणि तिच्या ताटात पापुद्रा सुटलेली भाकरी, वर मिरचीचा खर्डा. ती जेवत होती. पुष्पावती शेजारी काठवटीत पीठ मळत होती. आई म्हणत होती, "हात बरा हाय गं तुजा. इस्तूच वंगाळ हुता." पुष्पावतीनं नवऱ्याकडे बघितलं नाही, पण तिची मान जरा ताठ झाली होती. ते गाठोडं घरात खुंटीला गेलं ते तिथंच राहिलं.

यानंतर खुराडं कमी होऊ लागलं.

एका दमात नाही. कधी मागची एखादी पट्टी, कधी वरच्या मजल्याचा तळ. रंगुबाई फळी काढायची, खिळे उपटून डालड्याच्या डब्यात टाकायची, बिजागऱ्या वेगळ्या. देवदार लवकर पेट धरतो आणि लवकर जातो, ती कुरकुरायची, बाभूळ असतं तर चार दिवस गेलं असतं. जणू श्रीमंतनं लाकूड निवडताना तिला विचारायला हवं होतं. गोरक्षनाथ रोज तिथं बसून जेवायचे, खुराड्याकडे पाठ करून. एके दिवशी पाठीला टेकायला काही लागलं नाही, तेव्हा वरचा मजला गेला हे त्यांना समजलं. त्यांनी घास तसाच चावला. मनात मात्र हिशेब चालू होता. एक फळी गेली तरी खुराडं ते खुराडंच. दोन गेल्या तरी. मग खुराडं नक्की केव्हा संपतं? डेपोत यासाठी तीन साहेब लागत, आणि इथं त्यांची आई एकटी ते करत होती, तेही भाकरी उलटता उलटता.

चाळीचंही तोंड बंद झालं, कारण ते भरलेलं होतं. लंकाबाई निखाऱ्यात वांगं भाजायला आणू लागल्या, भाजेपर्यंत बसू लागल्या. बसल्यावर भाकरी आलीच. रेशनवर मिळणाऱ्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी कुणाकडेच धड होत नव्हती, ती रंगुबाई गरम पाण्यात पीठ उकडून करून दाखवायची. राखही वाया जात नव्हती. पाण्याच्या टंचाईत भांडी घासायला राख हवीच, लंकाबाई डबा भरून न्यायच्या. आणि एकदा संध्याकाळी खुद्द आबासाहेब उंबऱ्याबाहेर येऊन उभे राहिले. पाहणीला आलोय, म्हणाले. रंगुबाईनं चतकोर भाकरी आणि खर्डा हातावर दिला. उभ्यानं खाऊन त्यांनी पाहणी समाधानकारक आहे असं सांगितलं. त्यानंतर पाहणी वारंवार होऊ लागली. खुराड्याच्या बाजूला त्यांनी कधी बघितलं नाही.

शेवटी पाटी तेवढी राहिली. 'श्रीमंत अंडी केंद्र'. तिच्यावर रंग होता, म्हणून ती जाळली नव्हती. रंगाचा वास भाकरीला लागतो.

आणि मग श्रीमंत औटी आला.

लवकरच येत आहे असं तो म्हणाला होता, ते कुणी खरं धरलं नव्हतं. राहुरीला त्याच्या मेहुण्यानं कोंबड्यांचा धंदा काढायचं ठरवलं होतं, रजा काढून तो टेम्पोच घेऊन आला. टेम्पो अंगणात उभा राहिला तशी चाळ गॅलरीत आली. गोरक्षनाथ नुकतेच कचेरीतून येऊन चपला काढत होते, ते एकाच चपलेवर खाली आले. श्रीमंत बंबखान्याच्या दारात उभा होता. आत चूल धगधगत होती, रंगुबाई भाकरी थापत होती आणि तिच्या डोक्यावर भिंतीला त्याची पाटी टांगलेली होती.

"माझं खुराडं?"

लंकाबाईंना एकदम घरात दूध तापत ठेवल्याचं आठवलं. आबासाहेब आले. त्यांचा चेहरा उतरला होता. "ठाणगे," ते म्हणाले, "खुराडं कुठं आहे?"

गोरक्षनाथांनी तोंड उघडलं. इतकी वर्षं ते दुसऱ्यांच्या फुटक्या कंदिलांचा जाब देत आले होते, आज स्वतःवर पाळी आली होती. "मी," ते म्हणाले, "माझ्या..."

"हितंच हाय की," रंगुबाई म्हणाली. हातातली भाकरी तव्यावर टाकून ती उठली. डालड्याचा डबा श्रीमंतच्या हातात दिला. "हे खिळं. सरळ करून ठिवलेत. ह्या बिजागऱ्या. ही जाळी त्या झरोक्याला लावली, चिमण्या येत्यात, पायजे तर काढून ने. ही तुजी पाटी. आन् फळ्या," तिनं चुलीकडं हात केला, "ही त्यांची राख. भाईर काय बी गेल्यालं न्हाई. इचार तुज्या सायबाला."

आबासाहेब आत आले. त्यांनी डबा बघितला, जाळी बघितली, वाकून राख बघितली. डेपोत वस्तू मोजायचे तसंच. मग बराच वेळ भिंत वाचत उभे राहिले, आपल्याच अक्षरातली.

"वस्तू बाहेर गेलेली नाही," ते म्हणाले. "अवस्था बदललेली आहे."

"राख थोडी दिसतीय," श्रीमंत म्हणाला. त्याला खरंच रडू येत होतं. "एवढ्या मोठ्या खुराड्याची एवढीच राख?"

सगळ्यांनी लंकाबाईंच्या दाराकडे बघितलं. दार आतून लागलं होतं. आत भांडी लखलखत होती. एवढी वर्षं टिकलेला हुकूम मोडला असेल तर तो त्यांनी, डबा-डबा करून.

"आजी, तुम्ही माझं खुराडं खाल्लंत," श्रीमंत म्हणाला.

"सगळ्यांनी खाल्लं, बाबा. मी एकटीनं कुटं? ह्ये बी हुतं." तिनं बोट दाखवलं नाही, पण आबासाहेब खोकले. "तुज्या कोंबड्या कुटं हाईत?"

"यायच्यात अजून."

"मंग खुराडं बी येईल. ह्या दारातनं ते निघालंच नसतं. आमचा गोरख आडकला हुता त्यात, इचार. तुला ते मोडूनच न्यावं लागलं असतं. म्या मोडून ठिवलं."

श्रीमंतनं दाराकडे बघितलं, मग डोळ्यांनीच मापलं. हे त्याला आजवर सुचलं नव्हतं. पण पराभव झाला म्हणून माणूस लगेच गप्प बसत नाही. "ते असू दे," तो म्हणाला, "पण धुराड्याखालची जागा माझी होती. ही चूल काढा. आबासाहेब, सांगा त्यांना."

आबासाहेब पुन्हा भिंतीकडे वळले. चूल गेली की गाठोडं खुंटीवरून उतरणार, हे गोरक्षनाथांना दिसत होतं. आणि मग काय झालं कुणास ठाऊक, ज्या माणसानं कधी साहेबापुढं मान वर केली नव्हती, त्यानं एका पायात चप्पल घालून भिंतीवर बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचलं.

"ज्याने ठेवले त्यानेच बाहेर काढावे." एवढं वाचून ते थांबले. "चूल आईनं ठेवलीय. मला नाही काढता येत. तुम्हालाही नाही, आबासाहेब. औटी, तुला तर नाहीच. हुकमावरून."

अंगणात टेम्पोवाल्यानं भोंगा वाजवला.

"आई," गोरक्षनाथ म्हणाले, "काढतेस का?"

"भाकर जळंल," रंगुबाई म्हणाली आणि पाटावर बसली. तिनं ती भाकरी निखाऱ्यावर फुगवली, झटकली, खर्डा घातला आणि श्रीमंतपुढं धरली. "पारनेरचाच हाईस न्हवं तू? औट्याचा? बस. टेम्पोवाल्याला बी बोलीव."

श्रीमंत बसला. चौथ्या घासाला त्यानं कांदा मागितला. जाताना खिळे नेले, बिजागऱ्या नेल्या. पुढच्या रविवारी गोरक्षनाथ राहुरीला गेले आणि दिवसभर उन्हात बसून त्याला फळ्या ठोकू लागले. यावेळी उघड्यावर, आणि दार आधी मोजून. पाटी मात्र श्रीमंत विसरून गेला. आबासाहेब म्हणाले, त्यानं ठेवलीय, तोच काढील. ती तिथंच राहिली.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. रंगुबाई गावी गेली. तवा नेला, काठवट नेली, गाठोडं नेलं. चूल नेता येत नव्हती. महिना-दोन महिन्यांनी क्वार्टरच्या कचेरीतला तोच कारकून पाहणीला आला, आणि बंबखान्यात बंबाच्या जागी चूल बघून त्याला धक्का बसला. ताबडतोब काढा, म्हणाला. अख्ख्या चाळीनं भिंत दाखवली. ज्यांनी ठेवली त्या पारनेरकडे असतात, लंकाबाई म्हणाल्या. मग त्यांना बोलवा, कारकून म्हणाला. कागद करून गेला.

गोरक्षनाथांनी त्याच संध्याकाळी कार्ड लिहिलं. 'ती. आईस. चूल काढायला ये.'

रंगुबाई आली. तवा घेऊन, काठवट घेऊन. पुष्पावतीनं चूल आदल्या दिवशीच सारवून ठेवली होती. रंगुबाईनं ती सगळीकडून बघितली, हात फिरवला, म्हणाली, काढते की, आदी दोन भाकरी तर थापू. बाजरी काढणीला आली तेव्हा परत गेली, चूल राहिली.

त्यानंतर कचेरीतून कुणी आलं नाही. पण वर्षातून दोनदा तरी, कधी दिवाळीनंतर, कधी पुष्पावतीला बरं नसलं की, कधी गोरक्षनाथांना उगीचच संध्याकाळी जिन्यात वास आल्यासारखं वाटलं की, ते कार्ड घेऊन बसत आणि त्यांच्या सुंदर अक्षरात एवढंच लिहीत: चूल काढायला ये.